बाबांना न पटलेलं स्टेअरिंग

आमच्या घरात ‘मला जमत नाही’ असं कुणी म्हणत नाही. जमलं नाही की वस्तूला नावं ठेवायची. आईचे गुडघे दुखतात, पण ती म्हणणार, मेल्या पायऱ्याच उंच बांधल्यात. बाबांना अक्षर दिसेना, की छापखानेवाले शाई वाचवतात. मीही त्यांचीच लेक. स्वेटर बिघडला की माझी लोकर हलकी असते.

हे सगळं माहीत असून या स्टेअरिंगपायी माझ्या डोक्याचं भजं झालं, त्याचाच जास्त राग येतो.

बाबांची गाडी माझ्यापेक्षा वयाने मोठी. तिच्या स्टेअरिंगचं काळं कवच आधी तडकलं, मग त्याचे टवके उडाले, आणि आतली सळई उघडी पडली. त्याच सुमारास बाबांना अर्धांगाचा झटका येऊन गेला. ते सावरले, चालायला लागले. डावा हात मात्र कायम स्वेटरच्या खिशात. बाहेर जाणं बंद, बोलणं बंद, जेवण चार घास. कुणी विचारलं तर एकच उत्तर, “नवं स्टेअरिंग बसू दे, मग बघ. मी गाडी काढतो की नाही ते.”

आईने ते वाक्य घट्ट धरून ठेवलं होतं. गाडी अंगणात जरी फिरली तरी हे माणसात येतील, असं तिला वाटायचं. त्यामुळे रोज माझ्यामागे भुणभुण. “एवढंसं चाक मिळत नाही होय गं तुला?”

एवढंसं चाक! त्याच बनावटीचं कोरं स्टेअरिंग मागवायला गेले, तर किंमत ऐकून मी मुकाट्याने फोन ठेवला. एवढ्यापुरते बाबा घराबाहेर पडायला तयार, मग आमची वरात दर रविवारी जुन्या सुट्या भागांच्या दुकानांत. ग्रीसने बरबटलेल्या मांडण्या, छताला टांगलेली स्टेअरिंगं, आणि त्यांच्याखाली बाबा, परीक्षकाच्या तोऱ्यात. दुकानदाराने काढून दिलं की उजव्या हाताने उचलायचं, फिरवून बघायचं आणि परत करायचं.

“जाड आहे.”

“हे लहान आहे. एवढ्याशा चाकाने ती जड गाडी वळेल का?”

“ह्याचे दाते वेगळे. आपल्या दांड्यावर बसायचं नाही.”

दात्यांचं खरं होतं, मान्य. पण एक स्टेअरिंग सगळ्या बाजूंनी जुळलं, किंमतही खिशाला झेपणारी, तर म्हणाले, “रंग बघ त्याचा. डोळ्यांवर येतो.” काळं होतं हो ते! काळं!

माझी सटकलीच. “बाबा, तुम्हाला गाडी चालवायचीय की माझा जीव घ्यायचाय? माझा एकुलता एक सुट्टीचा दिवस मी ह्या घाणीत घालवते, आणि तुम्ही रंग बघता?” दुकानदार उगाचच फडक्याने गल्ला पुसायला लागला. परतताना बाबा रिक्षात बाहेर तोंड करून बसले. मला वाईट वाटलं, पण रागही गेला नाही.

शेवटी मी त्यांना न सांगता शोध घेतला. अगदी तशीच एक गाडी कुणीतरी मोडीत काढली होती. स्टेअरिंग धड, एक चीर नाही, आणि मालकाला जागा रिकामी करायची घाई, म्हणून भावही बरा. मी ते गोणपाटात गुंडाळून आणलं आणि फिटरलाच घरी बोलावलं. आता काढा म्हटलं खोड!

फिटरने जुनं उतरवलं, नवं चढवलं. दाते चपखल बसले. हॉर्न दाबला तर असा वाजला की आई स्वयंपाकघरातून हात पुसत धावत आली. “बसलं?” तिने विचारलं. तिचा चेहरा इतका खुलला होता की मला एकदम जिंकल्यासारखं वाटलं.

“बसा बाबा,” मी दार उघडून म्हटलं. “आता बोला.”

बाबा बसले. उजवा हात चाकावर ठेवला. मग डावा खिशातून काढला. बऱ्याच दिवसांनी मी तो हात नीट पाहिला. त्यांनी तो उचलून चाकावर टेकवला. बोटं वळलीच नाहीत. हात घसरून मांडीवर पडला. त्यांनी उजव्या हाताने तो धरून पुन्हा वर ठेवला, बोटं एकेक करून चाकाभोवती वळवली. सोडल्याबरोबर पुन्हा मांडीवर.

बाबा चाकाकडे बघत राहिले. जाडी, आकार, दाते, रंग, नजर सगळीकडून फिरली. नावं ठेवायला कुठेच काही नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. जन्मात पहिल्यांदा ‘मला जमत नाही’ हे वाक्य त्यांच्या ओठांवर येतंय, हे मला दिसलं. मागे आई उभी होती.

गाडी बिघडलेली होती तोवर बाबा धडधाकट होते, आणि मी मूर्खासारखी ती दुरुस्त करून ठेवली होती.

“शी!” मी ओरडले. “काय गुळगुळीत आहे हो हे! पकडच येत नाही. काढा आधी.”

“अहो ताई, अगदी मूळचंच आहे,” फिटर चक्रावला. “ह्याहून चांगलं कुठे—”

“काढा म्हटलं ना! फसवलं मेल्याने मला. असलं निसरडं चाक कुणी बनवतं का?”

आई काहीतरी बोलणार होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग बाबांच्या मांडीकडे. “हो ना,” ती हळूच म्हणाली, “लांबूनच दिसतंय की निसरडं.”

बाबांनी डावा हात खिशात घातला आणि सावकाश खाली उतरले. फिटर पुटपुटत पुन्हा पाना शोधायला लागला.

“तुला सांगत होतो,” बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले. “नीट पारखून घ्यायला हवं.”

“चुकलंच माझं,” मी म्हटलं. “रविवारी जाऊ परत.”

“जाऊ,” बाबा म्हणाले. “पण घाई करायची नाही.”