दुसऱ्या गटातला सखाराम

सखारामच्या वाट्याला कागद आला आणि जयरामच्या वाट्याला वीणा सिस्टर. सगळं दुखणं तिथून सुरू झालं.

दोघे कुडाळकडच्या एकाच वाडीतले. कुवेतला आले तेही एकाच कंपनीत. खैतानला एकाच खोलीत राहायचे, एकाच दुमजली लोखंडी खाटेवर झोपायचे. खाली सखाराम, वर जयराम. सखाराम शटरिंगचा सुतार, जयराम गिलाव्याचा गवंडी. साखरेचा आजारसुद्धा दोघांना एकाच वर्षी निघाला. इतकी बरोबरी असली की माणसाची नजर दुसऱ्याच्या ताटात जातेच.

वीणा सिस्टर सांगलीकडची, मोठ्या इस्पितळात नोकरीला. २००२ साली ती दर गुरुवारी दुपारनंतर अर्दियातल्या कंपनीच्या दवाखान्यात येऊ लागली. साखर असलेल्या कामगारांच्या पायाला जखमा होतात, त्यांना त्या कळत नाहीत, मग बोटं कापावी लागतात. नर्सनं समोर बसून पायाची निगा शिकवली तर हे टळतं का, याचा ती अभ्यास करत होती. तिनं सगळ्यांना बसवून नीट समजावलं. निम्म्या लोकांना ती दर आठवड्याला भेटणार, निम्म्यांचे डॉक्टर आणि गोळ्या नेहमीसारख्या चालू राहणार, वर एक छापील कागद. कोण कुठल्या गटात, ते चिठ्ठीवर. पटलं तर सही करा, नाही तर नको.

सखारामनं सही केली. पण चिठ्ठीवर त्याचा विश्वास नव्हता. त्यांच्या गावात जत्रेचा मान चिठ्ठीवर ठरायचा आणि दरवर्षी त्याच एका घराला मिळायचा.

गुरुवारी जयराम उशिरा खोलीवर यायचा तो फुलून. "आज अर्धो तास बसली माझ्यासमोर," तो जेवताना सांगायचा. "पायाक हात लावन बोटांच्या बेचक्यात बघता रे. माका लाज वाटता. म्हणता कशी, जयरामकाका, लाजायचं नाही."

"तुझे पाय बघान तिची जेवणावरची वासना उडाली आसतली," सखाराम खुबूस रोटीचा तुकडा मोडत म्हणायचा.

"जळतंस कित्याक?"

"माका काय जळूक आसा?"

पण मनात तेच फिरायचं. आपल्याला ती साधं नावानंही ओळखत नाही आणि हा मेला काका झाला. सखारामचे पाय घरी शेवटचे कुणी निरखले असतील तर आईनं, काटा काढताना.

एका गुरुवारी निमित्त काढून तो दवाखान्यात गेला. "सिस्टर, माझेपण पाय जरा बघा की."

वीणा सिस्टरनं त्याला बसायला खुर्ची दिली. "काही दुखतंय? जखम आहे?"

"नाही."

"मग आज मी नाही बघू शकत, काका. तुम्ही दुसऱ्या गटात आहात. शेवटी सगळ्यांचे बघणार आहे, तेव्हा तुमचेही. जखम झाली, दुखलं, तर मात्र लगेच यायचं, गटबिट विसरायचं."

"म्हणजे त्याचे पाय सुधारायचे आणि माझे बिघडायचे. मग तुम्हाला फरक दिसणार."

"तसं नाही हो," ती म्हणाली. पण बाहेर पुढचा माणूस उभा होता आणि तो जयराम होता.

त्या दिवसापासून सखारामनं मनाशी ठरवलं. खोलीवर जयराम रोज संध्याकाळी जे जे करी, ते तो डोळ्यांच्या कोपऱ्यातून टिपून घेई. पाय धुणं, बोटांमधलं पाणी फडक्यानं टिपणं, तळव्याखाली आरसा धरून बघणं, बूट घालण्याआधी उलटा करून झटकणं. मग पहाटे सगळे उठायच्या आत न्हाणीघराची कडी लावून हेच सगळं तो करी, पण जयरामहून दुप्पट मन लावून. एकच आशा होती. शेवटच्या तपासणीला सिस्टरनं त्याचा पाय हातात घ्यावा आणि म्हणावं, चुकलंच माझं, तुम्हालाच घ्यायला हवं होतं.

जयराम मात्र सैलावत चालला. मायेचं माणूस मिळालं की शिस्त सुटते, तसं. गुरुवारी तो पायांपेक्षा मुलीच्या लग्नाचंच जास्त बोले. मग वीणा सिस्टर परीक्षेसाठी रजेवर गेली आणि आरसा उशाखाली गेला.

एका शनिवारी कामावरून येऊन जयराम तसाच आडवा झाला. त्याचा पाय वरच्या खाटेवरून खाली लोंबत होता. सखारामला टाचेशी मोजा चिकटलेला दिसला. मध्ये काळपट डाग. खिळा बुटातून आत गेला असणार. शटरिंगच्या फळीचा खिळा सखाराम झोपेतही ओळखेल.

तोंड उघडलं आणि त्यानं ते मिटलं. येऊ दे सिस्टर. बघू दे आपल्या लाडक्या काकाचा पाय. त्या रात्री त्याला छान झोप लागली.

सोमवारी जयरामनंच विचारलं, "वास कसलो येता रे?"

"मोज्यांचो," सखाराम म्हणाला. "धुवूक टाक."

हे बोलून गेला आणि भात त्याच्या तोंडात माती झाला. मंगळवारी साइटवर जयराम भिंतीला टेकून बसला, अंगात कणकण, डोळे तांबडे. सखारामनं हातोडा टाकला, कंपनीच्या गाडीचा ड्रायव्हर अशरफ चहा पीत होता त्याचा कप काढून घेतला आणि म्हणाला, "भाई, अभी चलो."

दवाखान्यात वीणा सिस्टर होती. आदल्याच दिवशी रजेवरून परतली होती, कागद आवरायला आली होती. तिनं मोजा कापून काढला. जखम धुतली, इस्पितळाला फोन केला. मग सखारामकडे वळली.

"ही केव्हाची आहे? खरं सांगा, त्यावर औषध ठरतं."

आज दिसली, असं म्हणता आलं असतं.

"शनिवारी बघितली मी."

"आणि सांगितलं नाहीत?"

"तुम्ही बघाल म्हणून ठेवली होती."

तिची नजर त्याच्या बुटांवर गेली. मग म्हणाली, "बूट काढा."

इतके दिवस याच क्षणाची वाट बघितली होती आणि आता त्याला बूट काढवेना. तिनं पाय हातात घेतला, बेचक्यात बघितलं, टाचेवरून अंगठा फिरवला. "हे कुणी शिकवलं?"

"त्यानंच. न शिकवता."

"एकाच खोलीत राहता?"

"एकाच खाटेवर."

वीणा सिस्टरनं कपाळाला हात लावला. "हे मी आधीच विचारायला हवं होतं. एका खोलीतली माणसं दोन गटांत घालायची नसतात. तुमचे पाय छान आहेत, काका. पण आता अभ्यासात तुम्हाला धरता येणार नाही. दुसऱ्या गटात असून शिकलात ना."

छान आहेत, एवढंच. तेही चुकल्यासारखं.

जयरामची टाच वाचली. इस्पितळातून सुटल्यावर रोजची पट्टी कोण बांधणार, हा प्रश्न होता. वीणा सिस्टरनं सखारामला बोलावून समोर बसवलं आणि चांगला अर्धा तास शिकवलं. गॉज कसं धरायचं, लाली कुठवर चढली तर धावत यायचं. सखाराम तिच्या तोंडाकडे बघत होता. त्या अर्ध्या तासात त्याच्याबद्दल एक शब्द नव्हता. सगळा जयरामचा पाय.

संध्याकाळी खोलीवर तो पट्टी सोडत होता. जयरामचं सगळ्यांना सांगून झालं होतं, सख्यान माका वाचवल्यान. सखारामला ते ऐकवेना.

"शनिवारीच दिसलेला माका," तो मान खाली घालून म्हणाला. "मुद्दाम सांगूक नाय."

जयरामनं उशाखालचा आरसा काढून टाचेखाली धरला.

"माका शुक्रवारीच कळलेला," तो म्हणाला. "सिस्टर येण्याआधी बरा होयत म्हटलंय. तिच्यासमोर नापास होवक नको होता."

"आणि वास?"

"मोज्यांचो नाय, ह्या माकाय कळता रे. तुका कळला काय, ता बघूक विचारलंय."

सखारामनं जखमेवरचं जुनं गॉज उचललं. लाली उतरली होती.

"काय बोलली ती तुझ्याकडे इतको वेळ?" जयरामनं विचारलं.

"तुझ्याबद्दलच."

"काय पण?"

"सांगाचा नाय," सखाराम म्हणाला, आणि पट्टी बांधायला घेतली.