हिलाल का आला नाही

“दाजी, अक्काले लेवाले उनू.”

बारा वर्षांपूर्वीच्या वैशाखात, पाचोऱ्याच्या घराच्या फाटकाशी उभा राहून जीवराम एवढंच म्हणाला होता, अक्काला न्यायला आलोय. घशात रस्त्याची धूळ होती, आवाज दमलेला होता, आणि तरी पोचलो एकदाचे, असा एक आनंद त्यात होता. नवलच्या कानातून तो आवाज काही जाईना. दुकानात जळक्या मोटारीतून तांब्याची तार उसवताना तो मध्येच यायचा, आणि नवल हात थांबवून उगाच दाराकडे बघायचा.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणीला माहेरी न्यायला जो येतो तो मुऱ्हाळी. भाऊ असेल तर भाऊ, नाहीतर चुलता, मामा, कोणीही; पण कोणीतरी यावंच लागतं. हेमांगीला सख्खा भाऊ नव्हता. वडील, गिरधरनाना, ती शाळेत असतानाच गेलेले. माहेरी, पिंपळनेरला, शेजारच्या भिकुबाईचा मुलगा जीवराम तिच्याहून वर्षाने लहान, तोच तिचा भाऊ. लग्नात नवऱ्याचा कान पिळायचा मान त्याला मिळाला, आणि त्याने असा पिळला की अख्खा मांडव हसला. नवलही हसला. कानाचं दुखणं दुसऱ्या दिवशी गेलं. दुखत राहिलं ते हेमांगीचं हसणं. नवऱ्यासाठी ती तशी कधी हसली नव्हती.

त्यानंतरचे दोन महिने हेमांगीच्या तोंडी जीवरामच जीवराम. जीवराम वडाला झोका बांधायचा तर काथ्या तीनदा ओढून बघायचा. जीवराम गाणं आठवताना खालचा ओठ दातात धरायचा. “झोका गया वडना शेंडाले, जीव मना गया मायना अंगनाले,” हे त्यानंच जुळवलं, माहितीय? नवल म्हणायचा, हो का. आणि ताटातली भाकरी त्याला कोरडी लागायची.

म्हणून पहिल्याच आखाजीला, सासू-सून भाऊबंदांत गेलेल्या असताना, दीडशे किलोमीटर मोटारसायकल हाणत आलेल्या त्या पोराला नवल म्हणाला होता, “तिला नाही यायचं. कोणी घ्यायला आलं तर परत पाठवा, असं तिनंच सांगितलंय.”

जीवराम जरा वेळ उभा राहिला. “तिना तोंडतीन आयकू का एकदाव?”

“घरात नाही ती.”

मग त्याने हातातली पिशवी फाटकाच्या खांबावर ठेवली. हेमांगीच्या आईने दिलेल्या सांजोऱ्या होत्या. गाडीपाशी जाऊन किक मारली आणि गेला. नवलने ती पिशवी जवळच्या कापसाच्या जिनिंगच्या हमालांना वाटून टाकली. हेमांगी आली, आणि तीन दिवस ओट्यावर बसून रस्ता बघत राहिली. कोणी आलं नाही. माहेरी फोन करून विचारायचं, तर मान आडवा आला. आणि तिकडे आईला वाटलं, पोरगी दोन महिन्यांत परकी झाली. दोघी रुसून बसल्या. त्याच थंडीत आई गेली. मातीला जीवराम लांब, बाभळीखाली उभा होता. हेमांगीने त्याच्याकडे पाहिलं नाही, त्याने तिच्याकडे. पुढे तो सुरतेला साड्यांच्या मिलमध्ये गेला, तो सणावारालाच पिंपळनेरला यायचा.

आता नवल-हेमांगी जळगावात, मेहरूणला राहत होते. नवलचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान बरं चाललं होतं. हेमांगी शाळेत शिकवायची आणि सुट्टीत गाणी-गोष्टींच्या वह्या भरायची. तिची झोक्याची गाणी ऐकून धुळ्याचा चंदन नावाचा पोरगा तिच्या मागे लागला. तो अहिराणी मालिका काढून मोबाइलवर टाकायचा. लाखो लोक बघायचे, सुरतेतले खान्देशी तर जास्तच. त्याला आखाजीची गोष्ट हवी होती.

हेमांगीने गोष्ट धरली ती अशी: एक नवी सासुरवाशीण, आणि तिचा मुऱ्हाळी, हिलाल. पोरगी वाट बघते आणि हिलाल येत नाही.

“का येत नाही?” चंदनने फोनवर विचारलं. “ताई, हिरो आहे तो. लोकांनी त्याच्यावर जीव तरी टाकला पाहिजे, नाहीतर शिव्या तरी घातल्या पाहिजेत. नुसता नाही आला, असं कसं चालेल?”

तेव्हापासून ती अडली. मग तिने एक युक्ती काढली. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर रेघा मारल्या, पडद्यावरच्या हिरोंचे रकाने केले, आणि हिलालला एकेकाशेजारी उभं करून बघायला लागली. हिरोंच्या बाबतीत तिला नवलशिवाय कोण सांगणार? लग्नाआधी तो टॉकीजमध्ये ऑपरेटर होता; एकेक पिक्चर त्याने साठ-साठदा पाहिला होता. दोघांनी हिरोंना घरगुती नावं ठेवली. दहा जणांना लोळवणारा तो धिप्पाड. दक्षिणेचा, डबिंगमधला, तो लुंगीवाला. स्टेशनावर व्हायोलिन वाजलं की वळून बघणारा तो चष्मेवाला. काळ्यापांढऱ्या मराठी पिक्चरमधला, सगळं सोसणारा तो मास्तर.

“धिप्पाड असता तर?” ती पेन घेऊन बसायची.

“फाटक तोडून आत. सासऱ्याची गचांडी.”

“हिलाल तसा नाही. त्याला मोठ्यानं बोललं तरी लाज वाटते.” ती लिहून घ्यायची. “लुंगीवाला?”

“गाडीच्या टपावरून येईल. मागं शंभर माणसं.”

“हिलाल एकटाच येईल. आणि गाडी लांब उभी करील, धूळ अंगणात नको म्हणून.” ती थांबली, आपल्याशीच हसली. “आणि काय बोलायचं ते आठवताना खालचा ओठ दातात धरील.”

नवलने ओळखलं. नाव बदललं होतं, ओठ तोच होता. बारा वर्षं ज्याचं नाव या घरात कोणी घेतलं नाही, तो बायकोच्या हातांनी वहीत येऊन बसला होता, आणि रोज थोडाथोडा देखणा होत होता. धिप्पाडाच्या शेजारी उभा केला की हिलाल मऊ निघायचा, चष्मेवाल्याच्या शेजारी खरा, मास्तराच्या शेजारी हसरा. कोणाशीही ताडून बघा, हिलालच उजवा.

“यात माझ्यासारखा कोणी नाही का?” एकदा त्याने विचारलंच.

हेमांगीने मान वर न करता म्हटलं, “तुम्ही तर बघणारे. हिरो बघायला कोणीतरी लागतंच ना.”

ती सहज म्हणाली होती. पण नवल दुकानात गेला तो त्या दिवशी दोन मोटारींचं वाइंडिंग उलटं भरून बसला, आणि पुन्हा उसवत बसला.

मग त्याने दुसरा डाव मांडला. हेमांगी विचारायची त्याला तो उत्तरं द्यायचाच, पण उत्तरांत एकेक मिठाचा खडा टाकायचा. “चष्मेवाला कसा, शब्द देतो आणि विसरतो. जास्त गोड बोलणारे असेच.” किंवा, “ओठ चावणारा माणूस पडद्यावर लबाड दिसतो बरं का. खलनायकाच्या भाच्याला देतात ती लकब.”

“खरंच?”

“साठ-साठदा पाहिलंय मी.”

हेमांगीने ओठ खोडला. नवलला इतकं बरं वाटलं की त्याने दुकानातून येताना तिच्यासाठी भरिताची वांगी आणली. दुसऱ्या दिवशी गाडी लांब उभी करणं गेलं. तिसऱ्या दिवशी गाणं गेलं. नवल म्हणाला, मुऱ्हाळ्यानं गाणं जुळवणं जरा बायकी वाटतं. ते खोडताना तिचा हात रेंगाळला, तेही त्याने पाहिलं आणि चहाचा घोट घेतला.

एका संध्याकाळी तिने एकदम विचारलं, “समजा, तो आला. पण दारातूनच कोणी परत पाठवला, तर?”

नवलने हातातली बशी खाली ठेवली. “कोण पाठवील?”

“सासरचं कोणी.”

“मुऱ्हाळ्याला?” तो हसला. आपलं हसणं त्याला दुसऱ्याच कुणाचं वाटलं. “अगं, वैऱ्याच्या घरचा मुऱ्हाळी असला तरी त्याला आमरस वाढल्याशिवाय आपल्याकडे सोडत नाहीत. असं कोणी करतं का? लोक चंदनला दगड मारतील.”

“तेही खरंच,” हेमांगी म्हणाली. आणि ते कारणही तिने खोडून टाकलं.

हे तिला सुचून पुसलं जावं, यातच सगळं होतं. गेली बारा वर्षं तिने शंभर कारणं धरली असतील, सोडली असतील. पण हे एक कारण आजपर्यंत तिच्या मनाला शिवलं नव्हतं, आज शिवलं तेही टिकलं नाही, कारण आपल्या माणसांत असं कोणी करत नाही. त्या विश्वासाच्या आड नवल सुखाने राहत होता.

पण हिलाल जसजसा उतरत गेला, तसं घर गप्प होत गेलं. भाकऱ्या थापताना हेमांगी गुणगुणायची, ते थांबलं. वही उघडायची ती शाळेचे पेपर तपासावेत तशी. नवलला वाटलं होतं, हिलाल गेला की जागा मोकळी होईल आणि आपण तिथे बसू. जागा मोकळी झाली. त्याला तिथे कोणी बोलावलं नाही.

शनिवारी चंदनला गोष्ट वाचून दाखवायची होती. दोघं सकाळच्या एसटीने धुळ्याला निघाले. एरंडोल गेलं. बाहेर नांगरून पडलेली रानं, मध्येच लिंबाखाली बांधलेला झोका आणि त्यावर लुगडं खोचून उभी एक पोरगी. आखाजी आठ दिवसांवर होती. हेमांगीने त्या झोक्याकडे पाहिलं आणि वही मिटली.

“झालं एकदाचं कारण पक्कं,” ती म्हणाली.

“काय ठरवलं?”

“हिलाल साक्रीला पिक्चर बघायला गेला. विसरला. बस.”

“विसरला?”

“सगळे हिरो लावून पाहिले. कोणी मेला म्हणून येत नाही, कोणी जेलात असतो, कोणाला बापानं कोंडलेलं असतं. माझ्या हिलालला यातलं काहीच झालं नव्हतं. धडधाकट होता.” तिचा आवाज सरळ होता. “तुम्हाला कळलंच असेल, तो जीवराम आहे. नाव बदललं म्हणून काय.”

नवल समोरच्या सीटचा दांडा धरून होता. “कळलं होतं.”

“आई माझी वाट बघत गेली असेल, की रागात गेली, कोण जाणे. एक माणूस आला असता तर ती आखाजी झाली असती. तो नाही आला. मी बारा वर्षं त्याच्यासाठी कारण शोधत होते, त्याला वाचवायला. आता नाही वाचवत. सुरतेत बघू दे त्याला मालिका. सगळ्या पिंपळनेरला कळू दे.”

“लोक शिव्या देतील त्याला.”

“देऊ देत.”

कंडक्टर पारोळ्याची तिकिटं विचारत पुढे गेला. मागे दोन बायका कैऱ्यांच्या भावावरून हसत होत्या. जे आपण रोज चिमटी-चिमटीने मागत होतो ते आता पुरतं पदरात पडलंय, हे नवलला दिसत होतं. जीवराम कायमचा गेला होता. चंदनच्या कॅमेऱ्यासमोर तो ओठ चावणार नव्हता, गाणं जुळवणार नव्हता. साक्रीच्या टॉकीजमध्ये पाय पसरून बसणार होता, आणि सुरतेच्या एखाद्या खोलीत, मिल सुटल्यावर, खरा जीवराम मोबाइल हातात धरून ते बघणार होता. बघून काय करील? काही करणार नाही. फाटकाशी थांबला होता तसा जरा वेळ थांबेल.

आणि हेवा अजूनही होताच. हेमांगी त्या माणसावर रागावली होती ती कशी, तर डोळ्यांत पाणी न आणता, ओठ घट्ट मिटून, ज्याच्यावर जीव असतो त्याच्यावरच रागावतात तशी. नवलवर ती कधी इतकी रागावली नव्हती. आज रागावेल, असं त्याच्या मनात आलं. ती रागावली तर धुळ्यातून एकटीच साक्रीची गाडी धरील, तिथून पिंपळनेरला, भिकुबाईच्या ओट्यावर जाऊन बसेल. कदाचित आखाजीनंतरही येणार नाही. त्याने दांडा आणखी घट्ट धरला.

पारोळ्याच्या स्टँडात गाडी थांबली. इंजिन बंद झालं आणि एकदम सगळं ऐकू यायला लागलं.

“पाणी घेऊ का बाटली?” हेमांगीने विचारलं.

“थांब,” नवल म्हणाला. “विसरला असं लिहू नको.”

“का? पडद्यावर बरं दिसणार नाही?”

“पडद्याचं नाही सांगत.” त्याने दांडा सोडला आणि हात मांडीवर ठेवले. “तो आला होता, हेमांगी. पाचोऱ्याला. दुपारी बारा-साडेबाराला. तू माझ्या आईबरोबर भाऊबंदांत गेली होतीस. गाडी लांब लावली होती त्यानं, तू लिहिलंस तशीच. तुझ्या आईच्या सांजोऱ्या होत्या त्याच्याकडे. तिला यायचं नाही, तिनंच परत पाठवायला सांगितलंय, असं मी सांगितलं. तुझ्या तोंडून ऐकू का म्हणाला, तेही ऐकू दिलं नाही. पाणीसुद्धा विचारलं नाही मी त्याला.”