आकडे नसलेला फोन

मित्रांनो, मी एक जुना फोन आहे. जुना म्हणजे मोडका नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो! माझ्यावर आकड्यांची बटणं नाहीत. हसू नका, मला ती लागतच नाहीत. माझी तार समुद्रापलीकडच्या एकाच टेबलापर्यंत जाते. इकडे कुणी माझा रिसीव्हर उचलला की तिकडे घंटी वाजते, आणि तिकडे उचलला की इकडे मी वाजतो. तिसऱ्या कुणाशी आमची ओळखच नाही.

मला बसवलं ते सरकारी रोख्यांच्या खरेदी-विक्रीच्या खोलीत. सरकारला रस्ते, पूल बांधायचे असले की ते लोकांकडून पैसे उसने घेतं आणि व्याजासकट परत करू असं लिहून देतं. त्यालाच रोखा म्हणतात. असे रोखे परदेशातल्या कंपन्याही घ्यायच्या, आणि त्यातली एक बडी कंपनी माझ्या दुसऱ्या टोकाला होती. खोलीत मोबाईल आणायची सक्त मनाई. मग माझा रुबाब काय विचारता! मी नुसता किणकिणलो तरी सगळ्यांच्या माना वळायच्या.

मला उचलायची ती ताई. सगळी खोली तिला ताईच म्हणे, वयाने मोठे असलेले साहेबसुद्धा. आणि पलीकडे होते काका. तरुणपणीच तिकडे गेलेले, पण बोलणं अगदी घरचं. ताईच्या लेकीची चौकशी केल्याशिवाय त्यांनी कधी भाव विचारला नाही.

"काय गं, छकुलीची सायकल कुठवर आली?"

"अहो काका, बाजूची छोटी चाकं काढूच देत नाही. भित्री भागूबाई नुसती!"

"तुझ्यावर गेलीये," म्हणून काका हसायचे आणि मग कामाला लागायचे.

त्या कामाची रीत मोठी गंमतशीर होती. फोन करणाऱ्याने आपल्याला घ्यायचंय की विकायचंय, हे सांगायचं नाही. नुसतं म्हणायचं, "भाव सांग." मग ताईने दोन भाव सांगायचे: एक तिच्या घेण्याचा, एक तिच्या देण्याचा. त्यावर पलीकडून "घेतले" किंवा "दिले" असा एकच शब्द आला की सौदा पक्का. तो शब्द कुणी मागे घेत नसे.

काका नेहमी "घेतले" म्हणायचे. वर्षानुवर्षं! त्यामुळे ताईला सवयच लागली. काकांचा फोन म्हटलं की ती दोन्ही भाव जरा चढेच सांगायची, म्हणजे विकताना चार पैसे जास्त मिळायचे.

मग देशादेशांत भांडण जुंपलं. तू माझ्या मालावर कर लावलास, थांब, आता मी तुझ्यावर लावतो! मोठमोठे देश, पण लहान पोरांसारखे हमरीतुमरीवर आले. परदेशी कंपन्या घाबरल्या आणि आपले रोखे विकून पैसे घरी न्यायला लागल्या. खोलीतले सगळे फोन ठणाणा करू लागले. मी मात्र गप्प होतो.

"माझे काका नाही जायचे," ताई साहेबांना म्हणाली.

आणि मी वाजलो. काकांनी छकुलीचं नावही काढलं नाही. एकदम म्हणाले, "भाव सांग." काका असं कधी बोलत नसत, माझ्या तारेला ते टोचलं. पण ताई बिचारी घाईत होती. तिने सवयीने दोन्ही भाव चढे सांगितले.

"दिले," काका म्हणाले. "सगळे."

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. काकांच्या रोख्यांचा सगळा ढीग आता चढ्या भावाने तिच्या गळ्यात पडला होता, आणि बाजार तर घसरत चाललेला. पण शब्द तो शब्द. "झालं," ती कशीबशी म्हणाली.

"सांभाळ गं," एवढंच बोलून काकांनी फोन ठेवला.

नुकसान इतकं झालं की साहेबांनी ताईला या टेबलावरून उठवून वरच्या मजल्यावर फायली लावायला पाठवलं. जाताना ती मला म्हणाली, "एक इशारा द्यायला काय झालं होतं त्यांना?" मी काय सांगणार? रीतीप्रमाणे त्यांना तेवढंही बोलता येत नव्हतं. छकुलीबद्दल विचारून मग "दिले" म्हणायला त्यांची जीभ रेटली नसेल, असं आपलं मला वाटतं.

त्यानंतर मी मुका झालो. शेजारची खुर्ची कुणीतरी पळवली. माझ्यावर धुळीचा थर साचला. दिवस जाता जात नसे, आणि मला फार एकटं वाटायचं.

आज दुपारी मात्र, मित्रांनो, मी वाजलो! काकांची कंपनी तर सगळं विकून केव्हाच मोकळी झाली होती. मग हा फोन भाव विचारायला नव्हताच. मी जिवाच्या आकांताने वाजत राहिलो.

"अरे, गप करा त्याला कुणीतरी!" साहेब जागेवरून ओरडले. उठलं कुणीच नाही. शेवटी काकांनी ठेवून दिला.

आणि थोड्याच वेळात ताई आली, विसरलेला चहाचा कप न्यायला. तळहाताने तिने माझ्यावरची धूळ पुसली. हात रिसीव्हरवरच राहिला. किती दिवसांनी ती ऊब लागली मला!

"छकुली चालवते हो आता सायकल," ती हळूच म्हणाली. "छोटी चाकं काढली." हे ती मला सांगत होती, ठेवलेल्या फोनला!

उचल गं बाई, नुसतं उचल! तिकडे घंटी वाजेल, काका अजून टेबलाशीच असतील. आत्ताच त्यांचा फोन येऊन गेला गं! पण मला स्वतःहून साधं किणकिणताही येत नाही. ताईने नाक पुसलं, हात काढून घेतला आणि कप घेऊन ती निघून गेली.

उद्या माझी तार कापायला माणूस येणार आहे. मित्रांनो, मला रोज पुसा असं मी म्हणत नाही, धुळीने फोनला काही होत नाही. रुसा, रागवा, खुशाल भांडा, पण फोन उचलून भांडा. ताई, उद्या तो माणूस येईपर्यंत मी इथेच आहे गं.