माथ्यावरचं बाईक पार्क

"या डोंगराचा दगड न् दगड मला नावाने ओळखतो," असं भाऊ लॉजच्या जेवणघरात उभे राहून म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातल्याच एका दगडावर बसून धापा टाकताना सापडले. डोंगर अजून सुरूही झाला नव्हता. पाण्याच्या टाकीपर्यंतचा चढ तेवढा झाला होता. दूधवाल्याने त्यांना मोटरसायकलवर मागे बसवलं आणि लॉजच्या दारात आणून उतरवलं.

"काय रे बाळ्या," ताईने विचारलं, "पटली का दगडांची ओळख?"

"पाहणी झाली," भाऊ म्हणाले. "पुढची इथूनच करता येईल."

बाळ्या म्हणजे भाऊच. साठी उलटलेल्या या माणसाला सगळं गाव भाऊ म्हणायचं. बाळ्या म्हणायचा हक्क फक्त थोरल्या बहिणीकडे होता, आणि ती तो मुद्दाम चारचौघांत बजावायची.

लॉज ताईचं. डोंगराच्या पायथ्याला, अकरा खोल्यांचं. पलीकडच्या अंगाला दगडाची खाण चालू होती तोवर ट्रकवाले, इंजिनियर, हिशेबनीस असे कोण ना कोण मुक्कामाला असायचे. खाण बंद पडली आणि लॉजही ओस पडलं. आता तीन नंबरच्या खोलीत भाऊ राहायचे, फुकट. बाकीच्या खोल्यांत धूळ राहायची, तीही फुकट. शीतगृहवाल्या व्यापाऱ्याला ती जागा हवी होती. ताईची लेक लांबच्या शहरातून फोन करून करून दमली होती, की आई, पुरे झालं, इकडे ये.

ताईने भावाला एकदाच सांगितलं. "पर्यटन खात्याचा साहेब येऊन तुझ्या त्या पार्काला हो म्हणाला, तर मी थांबते. नाही म्हणाला, तर त्याच दिवशी व्यापाऱ्याला होकार कळवते. मग तू तुझी सोय बघ."

सोय भाऊंना कुठेही झाली असती. खोली भाड्याने मिळते, डबा भाड्याने मिळतो. पण सकाळी चहाचा कप आपटत "उठलास का गेलास?" असं विचारणारं माणूस कुठे भाड्याने मिळत नाही. हे काही ते ताईजवळ बोलले नाहीत. त्याऐवजी म्हणाले, "तू बघच. जग रांग लावेल इथे."

कल्पना तशी चांगली होती. भाऊंनी ती मोबाईलवर बघितली होती. डोंगराच्या माथ्यावरून लोक सायकली हाणत खाली येतात. वाटेत उंचवटे, वळणं, लाकडी पूल. लोक स्वतःच्या खिशातून पैसे देतात आणि स्वतःचीच हाडं खिळखिळी करून घेतात, वर मुक्कामाला खोली मागतात. भाऊंनी फक्त एकच दक्षता घेतली. 'सायकल' हा शब्द त्यांनी बंद करून टाकला.

"सायकल म्हटलं की माणूस पंक्चरवाल्याकडे जातो," ते म्हणायचे. "बाईक म्हण. माउंटन बाईक. लगेच वजन येतं."

हे वजन कुणाच्या डोक्यावर पडणार, ते तेव्हा कळलं नाही.

काम दिलं लेव्हलशेठला. हा गावचा ठेकेदार. शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात, हा पाणसळ ठेवायचा, गवंडी लोक भिंत सरळ आहे का बघतात ती, बुडबुड्याची. चहाचा कप ठेवण्याआधी टेबल सरळ आहे का बघायची त्याला सवय होती. त्याच्याशी भाऊंचं जे काय ठरलं, ते फोनवर ठरलं.

"शेठ, माउंटन बाईक पार्क करायचंय."

"करू की. कुठे?"

"डोंगराच्या माथ्यापासून सुरुवात."

"माथ्यावर. बरं. किती बाईक?"

"होतील शंभर-दीडशे. सुट्टीला जास्त."

"छप्पर?"

"थोड्या भागाला चालेल. आणि हे बघा, त्यात जरा साहस पाहिजे बरं का. नुसतं सपक नको."

"साहस," लेव्हलशेठ म्हणाला. "बघतो."

इथे कुणीही 'ध'चा 'मा' केला नाही. एकाने जे म्हटलं, ते दुसऱ्याने अक्षरन् अक्षर ऐकलं.

मग भाऊ गच्चीत खुर्ची टाकून दुर्बीण लावून बसायला लागले. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला निदान उंटावर चढावं तरी लागतं. भाऊंना जिना पुरायचा. वर धुरळा दिसायचा, यंत्रं दिसायची, मातीचे लोट उताराकडे येताना दिसायचे. संध्याकाळी लेव्हलशेठचा फोन यायचा. "काम एकदम लेव्हलमध्ये आहे, भाऊ." भाऊ ते कौतुकाने ताईला सांगायचे. ताई म्हणायची, "एकदा वर जाऊन बघून ये." भाऊ म्हणायचे, "विश्वास म्हणून काही चीज असते."

हा विश्वास पर्यटन खात्याच्या साहेबांच्या जीपमधून वर गेला, तो थेट पाहणीच्या दिवशी.

पुढे साहेब, मागे भाऊ आणि एक परीक्षक पोरगी. ती डोंगरउतारावरच्या शर्यती खेळलेली, गुडघ्यावर टाके पडलेली, बोलायला मोजकी. जीपच्या टपावर तिच्या दोन सायकली बांधलेल्या. वाटभर भाऊ साहेबांना सांगत होते, की मी स्वतः या वाटेवरून उतरून बघतो, सवयच आहे मला. जीप माथ्यावर थांबली आणि भाऊंचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

डोंगराला माथा उरला नव्हता. तिथे सिमेंटचा एक अफाट ओटा होता, अंगणासारखा गुळगुळीत, त्यावर पांढऱ्या पट्ट्यांचे चौकोन ओळीने आखलेले, एका कडेला पत्र्याचं छप्पर, आणि दर्शनी भागात पाटी: 'बाईक येथे पार्क कराव्यात. हँडल लॉक करावे.'

ओट्याच्या मधोमध लेव्हलशेठ नव्या कपड्यांत उभा होता. त्याने खिशातून पाणसळ काढली, जमिनीवर ठेवली आणि साहेबांना वाकून बघायला लावलं. बुडबुडा मध्यावर होता.

भाऊंनी त्याला छपराखाली ओढलं. "अहो, हे काय केलंत?"

"बाईक पार्क."

"हे पार्किंग झालं."

"मग? तुम्ही काय म्हणालात? बाईक पार्क करायचंय. केलं."

"आणि ते उंचवटे, वळणं, पूल?"

"हे कधी बोललात?"

"साहस म्हणालो होतो ना मी."

"त्याची सोय केलीय की," लेव्हलशेठ दुखावल्या आवाजात म्हणाला, आणि त्याने बोट दाखवलं. ओट्याला तीन बाजूंनी कठडा होता. चौथी बाजू, लॉजच्या अंगाची, मोकळी होती. "तुमच्या शब्दाखातर सोडली. मी तर लावणार होतो."

साहेब त्या मोकळ्या बाजूला जाऊन उभे होते. त्यांनी चष्मा सारखा केला. "ही सुरुवातीची जागा का?"

भाऊ तिकडे गेले आणि त्यांनी पहिल्यांदाच खाली बघितलं. माथा सपाट करताना उकरलेली सगळी माती लेव्हलशेठने याच बाजूने ढकलून दिली होती. ती लोळत, साचत, झाडांना वळसे घालत थेट खालपर्यंत गेली होती, मध्येच ढीग, मध्येच खड्डा, पुन्हा ढीग. खाली, अगदी तळाला, लॉजचं कौलारू छप्पर दिसत होतं.

"सुरुवातच," भाऊ म्हणाले. माणूस बुडायला लागला की काडी लांब आहे की आखूड हे बघत नाही. "वर गाड्या लावायच्या, इथून खाली सुटायचं."

पोरीने वाकून माती चिमटीत घेतली, उतारावर नजर फिरवली. "ढीग छान पडलेत," ती म्हणाली. "कुणी आखले?"

लेव्हलशेठ काही बोलणार, तेवढ्यात भाऊ त्याच्या पायावर उभे राहिले.

"मग भाऊ," साहेब म्हणाले, "तुम्ही येताना म्हणालात, तुमची सवय आहे. तुम्हीच उतरून दाखवा. पाहणाऱ्याला खात्री पटते."

भाऊ शाळेत असताना सायकल चालवायचे. त्या सायकलला ब्रेक नव्हते, आणि शाळा सपाटीवर होती. नाही म्हणावं, तर सगळं इथेच संपत होतं. साहेब जीपमध्ये बसणार, ताई व्यापाऱ्याला फोन लावणार, आणि पुढच्या महिन्यात ती लेकीकडे. भाऊंनी कपाळ पुसलं आणि पोरीने डोक्यावर बसवलेल्या हेल्मेटचा पट्टा स्वतःच आवळला. चुकून तो कानावरून गेला.

"लेव्हल सांभाळा," लेव्हलशेठ म्हणाला.

पहिल्या ढिगापर्यंत भाऊ सायकलवर होते. दुसऱ्या ढिगापर्यंत सायकल भाऊंवर होती. तिसऱ्याला काय झालं कोण जाणे, पण दोघं पुन्हा आपापल्या जागी आले. मग भाऊंनी ब्रेक शोधायचा नाद सोडला आणि दोन्ही पाय बाहेर काढून, डोळे मिटून, फक्त एक लांबलचक "ए" म्हणत राहिले. एका झाडाने त्यांना डावीकडे वळवलं, दुसऱ्याने उजवीकडे. शेवटच्या ढिगावरून सायकल उडाली आणि भाऊ पांढऱ्याशुभ्र, ओल्या, साबणाचा वास येणाऱ्या कशात तरी शिरले. एक दोरी तुटली. मग दुसरी. मग सगळं थांबलं.

"बाळ्या?" बाहेरून आवाज आला. "उठलास का गेलास?"

"आहे," भाऊ आतून म्हणाले.

ताईने चादर बाजूला केली. मग आणखी एक. भाऊंनी मान वळवून बघितलं. लॉजच्या मागच्या अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत दोऱ्या बांधल्या होत्या, आणि अजून शाबूत असलेल्यांवर चादरी, उशांचे अभ्रे, पलंगपोस वाळत होते. निळ्या काठाच्या, जुन्या, ठेवणीतल्या. अकराही खोल्यांच्या.

"सगळ्यांच्या धुतल्यास?"

"मग काय, लोक आले तर कशावर झोपवू?" ताई म्हणाली.

"आणि नाही आले तर?"

"तोंड बंद ठेव. दात हलतोय तुझा."

तिने चादरीचं टोक त्यांच्या ओठाला दाबून धरलं. बराच वेळ धरलं. मग त्यांच्या कानामागची माती बोटाने काढली, लहानपणी काढायची तशी, जरा जास्तच जोरात.

तेवढ्यात परीक्षक पोरगी वरून उतरली, ढिगांवरून पाखरासारखी, आणि शेवटच्या ढिगावरून उडून उरलेल्या चादरींत शिरली. बाहेर आली ती हसतच. मागोमाग जीप आली. साहेबांनी चादरी बघितल्या, दोऱ्या बघितल्या, चादरीत बांधलेले भाऊ बघितले.

"शेवटाला मऊ अडसर," ते पोरीला म्हणाले. "इतक्या ठिकाणी फिरलो, हा विचार कुणी केला नाही. सगळीकडे टायर रचतात."

"मस्त आहे," पोरगी म्हणाली. "वाट तर फारच. फक्त दोन पूल घाला आणि ते तिसरं झाड जरा गुंडाळा."

"आणि वर गाड्या लावायला इतकी सपाट जागा." साहेब हात झटकत म्हणाले. "लोक पार्क बांधतात आणि पार्किंग विसरतात. तुम्ही आधी पार्किंग बांधलंत. आमच्याकडून हो समजा. या मऊ अडसराची कल्पना कुणाची?"

भाऊंनी छाती पुढे काढली. ताईने त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी छाती परत आत घेतली.

"हिची," ते म्हणाले.

जीप गेल्यावर ताई आत गेली. फोनवरचा तिचा आवाज अंगणापर्यंत येत होता. व्यापाऱ्याला ती म्हणत होती, की नाही, आता नाही, तुम्ही दुसरीकडे बघा. मग लेकीला फोन लावून म्हणाली, "अगं, तूच ये सुट्टीला. मामा साहसी झालाय."

पूल झाले, झाड गुंडाळलं, चादरींच्या जागी जाळी आली, आणि पार्क सुरू झालं. पहिल्याच शनिवारी दुपारपर्यंत लॉज भरलं. शेवटी एक जोडपं आलं, चिखलाने माखलेलं, लंगडत, खूश. खोली शिल्लक नव्हती. ताईने क्षणभर विचार केला आणि त्यांना तीन नंबरची किल्ली दिली. भाऊंचे कपडे तिने एका पिशवीत भरून जिन्याखाली ठेवले आणि तिथेच त्यांच्यासाठी घडीची खाट उघडली.

"पाहुणे आहेत तोवर इथे झोप," ती म्हणाली. "जग रांग लावेल म्हणाला होतास ना?"

भाऊंनी हो म्हटलं. दुपारच्या झोपेसाठी ते खाटेवर आडवे झाले. खाट मधोमध मिटली, तेव्हा ते तिच्यात होते.