दहा वर्षं टिकणारी खुर्ची

बाळाचं फर्निचर टिकाऊ असावं, यावर आमच्या घरात कमालीचं एकमत होतं. एरवी पंखा दोनवर ठेवायचा की तीनवर, यावरून दोन पक्ष पडतात. पण मला सातवा महिना लागला आणि नवरा आणि सासरे एका सुरात बोलू लागले. लाकूड अस्सल हवं, सांधे पक्के हवेत, एकदाच घ्यायचं पण चांगलं घ्यायचं. दोघांपैकी कुणीही आजवर घरातला एक खिळा ठोकलेला नाही, पण मतं मात्र पक्की.

हे सगळं जाणार होतं मागच्या खोलीत. त्या खोलीत मी कवळ्या बनवते. दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांचे ठसे येतात, त्यांवरून मी साचे करते, मेणात एकेक दात बसवते, मग पक्की कवळी करून घासूनपुसून चकचकीत करते. खिडकीखाली माझं टेबल आहे, कारण दातांचा रंग जुळवायला घरात तेवढा एकच उजेड कामाचा आहे. सासऱ्यांची कवळीही त्याच टेबलावर झाली. ती तोंडात घालून ते पाहुण्यांना सांगतात, "सूनबाई घरबसल्या काहीतरी करत असते."

तर या खोलीला एके दिवशी सकाळपासून सगळे ‘बाळाची खोली’ म्हणायला लागले. मला कुणी विचारलं नाही. मी विचारलं, "आणि माझं टेबल?"

"बघू ना काहीतरी," नवरा म्हणाला.

आमच्या घरात जे बघायचं ठरतं, ते पुन्हा कुणाच्या दृष्टीस पडत नाही. गच्चीच्या दाराची कडी अशीच कित्येक वर्षं बघायची राहिली आहे. म्हणून मी दुकानात सोबत गेले. पोट पुढे आणि मी मागे.

दुकानात नवऱ्याच्या अंगात सुतार संचारला. त्याने कॉटचे कठडे हलवले, खाली वाकून स्क्रू पाहिले, गजांमधून मूठ घालून पाहिली, कोपऱ्यांवरून तळहात फिरवला. कपाटाचा प्रत्येक खण ओढून पाहिला आणि जो अडकला त्याच्याकडे असा बघितला की दुकानातल्या मुलीने घाईघाईने माफी मागितली. सासरे लाकडावर बोटं वाजवत फिरत होते, बाजारात कलिंगड वाजवतात तसे. "हे आतून भुशाचं आहे," एका कपाटाबद्दल ते म्हणाले. मुलीने ते कबूल केल्यावर तर ते दिवसभर कुणाला ऐकेनासे झाले. माझ्याशी लग्न ठरवताना या दोघांनी याच्या निम्मीही चौकशी केली नव्हती.

खरं सांगते, निवड चांगली चालली होती. एक जाडजूड, खोल, न करकरणारी कॉट दोघांनाही पसंत पडली. नावं ठेवायला जागाच नव्हती, आणि त्याचाच मला राग येत होता.

मग त्या मुलीने पडद्यावर आमच्या खोलीचा आराखडा काढला. मापं नवऱ्याने घरूनच आणली होती. भिंतीला कॉट, शेजारी कपाट, खिडकीखाली बाळाचे कपडे बदलायचं टेबल. आणि कोपऱ्यात एक गुबगुबीत खुर्ची.

"ही तुझ्यासाठी," नवरा प्रेमाने म्हणाला.

"बाळाला पाजायला एकदम आरामशीर आहे, मॅडम," मुलगी म्हणाली. "हिच्यावर दहा वर्षांची वॉरंटी आहे."

मी खुर्चीत बसले. खोटं कशाला बोलू, उत्तम होती. कंबर टेकली तशी मला तिथेच झोप लागली असती. पण समोर पडदा होता आणि त्या पडद्यावरच्या खोलीत माझं टेबल कुठेच नव्हतं.

"दहा वर्षं मी हिच्यात बसून काय करायचं?" मी विचारलं.

"अगं, वॉरंटी म्हणजे तेवढा वेळ बसायलाच पाहिजे असं नाही."

"माझं टेबल कुठे गेलं?"

"बाल्कनीत ठेवता येईल."

"बाल्कनीत वारा असतो. कवळ्यांची सगळी पावडर उडेल."

"मग थोडे दिवस बंद ठेव ना काम. नाहीतरी ती पावडर, तो वास, बाळाला चालणार आहे का?"

हे मात्र खरं होतं. तो वास बाळाच्या नाकाजवळ नको, हे मलाही कळत होतं. पण थोडे दिवस काम बंद ठेवलं की दवाखाने ठसे दुसरीकडे पाठवतात, आणि एकदा दुसरीकडे गेलेला दवाखाना परत येत नाही. हे मी त्याला किती वेळा सांगितलं होतं. मला रडू आलं. दुकानात, दहा वर्षं टिकणाऱ्या खुर्चीत बसून रडू आलं, याचा आणखी राग आला.

तेवढ्यात सासऱ्यांनी लाकूड वाजवायचं थांबवलं. "सूनबाई, बंद म्हणजे किती दिवस?"

"वॉरंटी संपेपर्यंत," मी म्हणाले.

त्यांची कवळी अलीकडे सैल झाली होती आणि ती घट्ट करून द्यायचं मी कबूल केलं होतं. त्यांनी ती जिभेने जागेवर बसवली आणि मुलाकडे वळले. "अरे, मग माझं कसं व्हायचं?"

"बाहेर देऊ की, बाबा."

"बाहेरून केली होती ना पहिली? ती घालून वर्षभर नुसतं पातळ गिळत होतो मी. टेबल कुठेही हलवायचं नाही."

माझ्या कामाची कदर आमच्या घरात शेवटी हिरड्यांच्या वाटेने आली. पण दारात आलेली मदत कोण परत पाठवतं?

"मग बाळाने काय पावडरीत झोपायचं?" नवरा वैतागला.

"नाही. बाळ आपल्या दोघांच्या खोलीत झोपेल." मी त्या मुलीला दुसरा आराखडा काढायला सांगितला. "पलंगाच्या त्या बाजूला जागा आहे. तिथे एक व्यायामाची सायकल आहे, तिच्यावर टॉवेल वाळतात. ती काढायची."

"ती माझी बाजू आहे," नवरा म्हणाला.

"म्हणूनच."

"अगं, तुझ्या बाजूला ठेवू ना. रात्री ते उठलं की तुला बरं पडेल."

"पाजायचं काम माझं, ते तुझ्याने व्हायचं नाही. पण ते उठलं हे कळायला, उचलून माझ्याकडे द्यायला आणि परत नेऊन झोपवायला तू आहेस."

"मला सकाळी ऑफिस असतं."

"मलाही असतं," मी म्हणाले. "खिडकीखाली."

त्याने मदतीसाठी बापाकडे पाहिलं, तर बाप एका खणाच्या मुठीत फारच रमला होता. दुकानातली मुलगी पडद्यावरची कॉट अलगद सरकवत त्याच्या बाजूला घेऊन गेली आणि तिथेच ठेवून मोकळी झाली.

नवरा त्या पसंत केलेल्या कॉटपाशी गेला. या वेळी त्याने ती हलवली नाही, की स्क्रू पाहिले नाहीत. कठड्यावरून दोन्ही हात आत घातले, तळापर्यंत वाकला आणि नसलेलं बाळ उचललं. परत ठेवलं. पुन्हा उचललं. मग कमरेवर हात ठेवून हळूहळू सरळ झाला.

"दुसरी दाखवा," तो म्हणाला. "ही फार खोल आहे. गादी वर घेता येईल अशी आहे का?"

सकाळपासून तो कॉट तपासत होता. त्यातून बाळ उचलायचंही असतं, हे त्याला आत्ता कळलं.