उस्तादांची जागा

मी चाकांची खुर्ची बोलतेय. दचकू नका, आजारपणाचं रडगाणं गायला आलेली नाही मी. उलट भिलाईच्या रुआबांधा वस्तीत दर रविवारी सकाळी मला जेवढे सलाम मिळतात, तेवढे एखाद्या मोठ्या साहेबालाही मिळत नसतील.

माझा जन्म जवळच्याच कुम्हारी गावातल्या एका छोट्या कारखान्यात झाला. तिथून मला भिलाईच्या माजी सैनिकांच्या एका मंडळानं आणलं. या मंडळाचा एकच नियम आहे, आपला एकही माणूस मागे सोडायचा नाही. रविवारी मैदानावर त्यांची हजेरी होते आणि शेवटचं नाव पुकारून होईपर्यंत कुणी चहाला हात लावत नाही.

मला धाडलं हवालदार चंपतकाकांकडे. पलटणीत ते नव्या जवानांना कवायत शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना अजून 'उस्ताद' म्हणतात. साखरेच्या आजारात त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला होता. मंडळातल्या तेजरामनं स्वतः दारातल्या पायऱ्यांवर सिमेंटचा उतार केला आणि मला आत आणलं. काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मले नाही पायजे. ज्याले गरज असंल त्याले दे," म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

झालं! चार महिने मी ओसरीत पडून. सूनबाई संघमित्रा माझ्यावर पापड वाळत घालायची. मला राग यायचा, पण तिचा नाही. काका दाराबाहेर पडेनात, धड जेवेनात, कुणाशी बोलेनात. माझ्यावरची धूळ पुसताना एकदा ती रडली. मीही रडले असते, पण मला कुरकुरण्यापलीकडे काही येत नाही.

मग एका रविवारी मैदानावरची हजेरी थेट आमच्या गल्लीत आली. वीस-पंचवीस म्हातारे, टोप्या घालून, दारापासून पार वळणापर्यंत रांगेत उभे. रांग अशी वाकडी, की मलाच लाज वाटली.

खिडकीतल्या काकांच्या मिशा थरथरल्या. "तेजराम, हे लाइन आहे? कोनं शिकवलं तुमाले?"

"तुम्हीच, उस्ताद," तेजराम नजर न हलवता म्हणाला.

"अन् तिकडं शेवटी कोन आहे? मले दिसून नाही राहिलं."

"मंग या न बाहेर. आमी थांबून आहो."

काकांनी खिडकीतून मान लांबवून वळणाकडे पाहिलं, पण रांगेचं टोक दिसेना. मग म्हणाले, "संघमित्रा, आन बाई ते खुर्ची."

तिनं पापड कुठे टाकले, कुणास ठाऊक! उतारावरून आम्ही खाली आलो. काकांनी एकेकाची कॉलर सरळ केली, एकाच्या सुटलेल्या पोटावर बोट टेकवलं. वळणाशी पोचलो, तर तिथं एक जागा रिकामी होती.

"इथं कोन नाही?"

मागून आलेल्या तेजरामनं हजेरीची वही उघडली आणि नाव पुकारलं, "हवालदार चंपत."

काकांनी स्वतःच्या हातांनी मला त्या जागेवर नेलं, वळवलं, छाती पुढे काढली.

"हाजिर."

त्या दिवशी चहा पार गार झाला होता. तरी काका दोन कप प्याले.

आता माझं डावं चाक झिजलंय, गादीही फाटलीय, पण मी मजेत आहे. तुमच्या ओसरीत माझी एखादी बहीण पापड सांभाळत बसली असेल, तर तिला नावं ठेवू नका. तिच्या माणसासाठी रांगेत एक जागा रिकामी ठेवा आणि त्याचं नाव जरा मोठ्यानं पुकारा.