अस्तर लावलेला खोळा

मित्रांनो, आता मी थकलो आहे. दोऱ्याचा हिरवा रंग उडाला, गाठी सैल पडल्या. तरी ओळख सांगतो. मी खोळा. बोटीमागून ओढायच्या जाळ्याच्या शेवटी जी पिशवी असते, ती मी. जाळ्यात शिरलेली सगळी मासळी शेवटी माझ्याच पोटात येते.

माझी भोकं चौकोनी आहेत. साध्या खोळ्याची भोकं शंकरपाळ्यासारखी तिरकी असतात आणि ओढ लागली की मिटतात. माझी मिटत नाहीत. त्यांतून पिल्लं निसटतात, मोठी होतात, अंडी घालतात आणि पुढच्या वर्षीही बंदरावर मासळी येते. म्हणून सरकारने एका योजनेतून मला रत्नागिरीच्या रामाला दिलं. नारळ फुटला, भाषणं झाली, फोटो निघाला. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू?

पहिल्याच फेरीत खलाशांनी माझं बारसं केलं. "सरकारचे जावईबापू आले! काय धरीत नायत, नुसते सोडतात." मलाही हसू आलं. पण आरे-वारेच्या किनाऱ्यासमोर आम्ही जाळं ओढायचो, तेव्हा मागून रामाचा चुलतभाऊ अनिल आपली बोट घेऊन यायचा. मी सोडलेली पिल्लं त्याच्या साध्या खोळ्यात अडकायची. धक्क्यावर अनिलच्या टोपल्या भरलेल्या, आमच्या अर्ध्या. रामाने महिनाभर कळ काढली. मग एका दुपारी त्याने बारीक भोकांचं जुनं जाळं आणलं आणि माझ्या आतून शिवून टाकलं. झग्याला अस्तर लावतात ना, तसं.

बाहेरून मी होतो तसाच दिसत होतो. मत्स्य खात्याचे साहेब तपासणीला आले, त्यांनी आत न डोकावता माझ्या भोकांवर बाहेरूनच पट्टी ठेवून बघितली आणि म्हणाले, "शाब्बास रामा! तुझ्यासारखे आणखी चार जण हवेत." रामाने मान खाली घातली. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढे चार वर्षं मी हेच सोंग वागवलं. मासळीच्या ओझ्याने मी कधी दमलो नव्हतो, त्या सोंगाने दमलो.

मासळी मात्र आटत गेली. रामाची बायको दर्शना धक्क्यावर मासळी निवडते. गेल्या आठवड्यात तिने ढिगातून एक पापलेट उचललं. विड्याच्या पानाएवढंही नव्हतं ते. तिने ते रामाच्या पुढ्यात धरलं.

"अवो, ह्याची अजून आयशीशी वळख तरी झाली असंल काय? असली पिल्लं आपन खताच्या टेम्पोत टाकतो. पुढच्या सालाला मी काय दगड निवडू?"

"मी सोडलं तर अनिल धरतो," रामा म्हणाला. "माज्या एकट्याच्या सोडन्यानं काय व्हनार?"

दर्शना बोटीवर चढली आणि कोयतीने अस्तराचा एकेक टाका उसवत गेली. रामाने तिला अडवलं नाही. एवढंच म्हणाला, "आठ दिस बगतो. अनिलनं आयकलं नाय, तर परत शिवनार."

तशीच ती अनिलच्या घरी गेली. परत आली ती तोंड पाडून. तेव्हा तिच्या बोलण्यातून मला कळलं की माझ्याबरोबरच योजनेतून अनिललाही एक खोळा मिळाला होता. माझा सख्खा भाऊच म्हणा. त्याला अनिलने परसात, वांग्यांच्या वाफ्याभोवती बांधलं आहे. "वैनी," अनिल तिला हसून म्हणाला होता, "मासं नाय, पन कोंबड्या बऱ्या अडवतो!"

आज आठवा दिवस. आठ दिवस मी पिल्लं सोडतो आहे. पोटातून जिवंत मासा निघून जातो तेव्हा अंग हलकं होतं, आणि तेवढ्यात मागून अनिलच्या इंजिनाचा आवाज येतो. रामाचं काय चुकलं, ते मला सांगता येत नाही. एकाच बोटीने नियम पाळला की तीच उपाशी राहते.

मित्रांनो, मला गोड्या पाण्याने धुवा, सावलीत ठेवा, असलं काही मी मागत नाही. रामाने आत्ताच सुईत दोरा भरला आहे. तो पहिला टाका घालण्याआधी कुणीतरी अनिलच्या परसात जा, आणि माझ्या भावाला समुद्रावर घेऊन या.